भाकरीचा दुसरा तुकडा

चुलवाणात जाळ घाला आणि बसा. बिराप्पा, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मधेच दात काढलेस तर मी उठून घरी जाईन, मग बसा रात्रभर काहिलीतला उसाचा रस ढवळत. गोष्ट रसूलची आहे. आमच्या गावात सायकली दुरुस्त करणारा रसूल, तुमच्यातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलाय.

साल चव्वेचाळीस. चौदा डिसेंबर, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, दुसऱ्या दिवशी अवस. मी तेव्हा पोस्टात होतो, टपाल आणि तारा वाटायचं काम माझं. दुपारी गडावरच्या राहीबाईच्या नावानं तार आली. मास्तरांनी ती पाकिटात घातली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "इटलीतनं आहे. नाथाजी गेला."

राहीबाईचा एकुलता एक, लढाईवर गेलेला. अजून लग्नही झालं नव्हतं त्याचं. मी टपाल घेऊन गेलो की ती बाई भाकरी खाल्ल्याशिवाय मला सोडायची नाही. त्या घरी ही तार कोणत्या तोंडानं नेणार? मी अंगात कणकण असल्याचं सोंग केलं.

रसूलला संध्याकाळी गडाची फेरी मारायचा नाद होता. कृष्णेच्या घाटावरून निघायचं, गडावरच्या जुन्या वेशीपर्यंत चढायचं आणि मागच्या उतारानं पायडल न मारता परत नदीवर. जेमतेम आठ मैल. "लय सोपी फेरी हाय," म्हणायचा. मी तार त्याच्या हातात दिली. आत काय आहे ते सांगितलं नाही. त्याला इंग्रजी येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

पुढचं त्यानंच मला सांगितलं.

सातचा सुमार. घाटावर अंधारात एकजण उभा होता. खाकी कोट, पाठीवर पिशवी.

"रसूल, गडावर चाललास व्हय रं? मला घे की मागं."

आवाज नाथाजीचा. रसूलला इतका आनंद झाला! तो येतोय हेच कळवायला तार आली असणार, असं त्याला वाटलं. "तारंच्या आदी तूच आलास की गड्या! बस, बस."

आता तुम्ही सायकली मारणारी पोरं. त्या चढाला मागं माणूस बसवून कधी पायडल मारलंय? निम्म्यात उतरून ढकलावी लागते. रसूल उतरला नाही. सायकल एकट्याची असल्यासारखी वर गेली. तो बडबडत होता. मागच्यानं आई कशी आहे, एवढंसुद्धा विचारलं नाही.

वेशीबाहेर तो उतरला. "मी हितंच थांबतो. आईला बोलाव. भाकरतुकडा घिऊन ये म्हणावं."

गडावरची रीतच आहे ती. लढाईवरून आलेला माणूस तसाच वेशीच्या आत येत नाही. आईनं, नाहीतर बायकोनं यायचं. भाकरीचे दोन तुकडे. एक ओवाळून डावीकडे टाकायचा, एक उजवीकडे. मग पायांवर पाणी, मग आत.

रसूल ओरडतच राहीबाईच्या दारात गेला. "मावशे, नाथा आलाय! भाकरी घे!" बाई चुलीपुढनं उठली ती अनवाणीच धावली. शेजारचे आप्पासो, पेन्शनवर आलेले हवालदार, कंदील घेऊन तिच्या मागं.

वेशीबाहेर सायकलीजवळ तो उभा होता. रसूलनं पाहिला. राहीबाईनंही.

"किती वाळलास रं..." ती म्हणाली.

पहिला तुकडा ओवाळला. डावीकडे टाकला.

रसूल खुशीत. त्यानं तार आप्पासोंच्या हातात दिली. "आवं, हीबी आलीया. वाचा की."

आप्पासोंना पलटणीतलं इंग्रजी येत होतं. कंदील वर धरला. वाचलं. पुन्हा वाचलं...

"राहीबाई... थांब."

"का?"

"थांब म्हन्तो..."

त्यांनी तिचा हात धरला. दुसरा तुकडा खाली पडला. टाकला नाही. पडला.

सायकलीजवळ कुणी नव्हतं.

राहीबाई रडली नाही. "दुसरा टाकू द्या मला... निम्म्यात ठिवू नगा त्याला..." एवढंच म्हणत राहिली. गाव जमा झालं. मेलेल्याला कुणी ओवाळून आत घेतं का? चौघांनी तिला उचलून घरी नेली.

रसूल मागच्या उतारानं निघाला. त्या उतारावर त्याला उभं राहून पायडल मारावं लागलं. मागं वळून पाहिलं नाही. घामाघूम... घाट आला.

मागून आवाज.

"परत वर ने."

नेलं त्यानं. दुसऱ्या संध्याकाळीही. तिसऱ्याही. जाताना सायकल हलकी, येताना जड. वेशीत राहीबाई तुकडा घेऊन उभी असायची आणि गावातले दोघं-तिघं तिच्यापुढं हात आडवे धरून. अडीच वर्षं, पोरांनो. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात ती गेली. त्याला ओवाळणारं कुणी राहिलं नाही.

त्या रात्री रसूल माझ्या दारात आला. सायकल भिंतीला लावली. "फेरी तुमची हुती," म्हणाला. चालत निघून गेला.

खरं होतं त्याचं. मी तोंड उघडलं असतं तर त्यानं घाटावर कुणाला बसवलं नसतं. राहीबाईनं रडून घेतलं असतं, दिवस घातले असते. मी भित्रा निघालो. हे मला मरेपर्यंत खाणार आहे.

दोन वर्षं मी त्या सायकलीला हात लावला नव्हता. काल मागच्या चाकात हवा भरली. आंगठ्यानं दाबून पाहिली, दगडासारखी. दिवेलागणीला परत अंगणात आलो. सायकल तिथंच, भिंतीला. कॅरेज मोकळं. पुन्हा दाबून पाहिलं... हवा तशीच. जराही कमी नाही.

पण खाली, जमिनीला टेकतो तिथं... टायर बसला होता.

मागं माणूस असला की बसतो... तेवढा.