वडिवळ्याच्या पाण्यावरचं गार ताक

"हे गार आहे?"

आसावरीने पेला ओठांपासून दूर धरून विचारलं. होडीच्या टपाला टांगलेल्या पाटीवर ठळक अक्षरांत 'गार ताक' लिहिलेलं होतं. पेल्यातलं ताक मात्र चक्क कोमट होतं.

होडीवाल्याने वल्ही आत ओढून घेतली आणि तो हसला. "मनापासनं गार हाय, मॅडम."

"मनापासून नको. फ्रिजमधून हवंय."

शेजारी बसलेली चंद्रिका फिस्सकन हसली. दोघी लोणावळ्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. एप्रिलच्या एका रविवारी वडिवळे धरणाच्या पाण्यावर फिरायला म्हणून आल्या होत्या आणि काठावर हीच एक होडी मोकळी होती. तिच्या मागच्या टोकाला बॅटरीवर चालणारा, वरून उघडणारा छोटा फ्रिज होता. पाण्याचे शिंतोडे लागू नयेत म्हणून त्याच्याभोवती चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या होत्या.

आसावरी उठली, तोल सावरत मागे गेली आणि फळीवर तळहात टेकवला. चटकन मागे घेतला.

"हा मध्ये मध्ये बंद होतो का?"

"छ्या! एक मिनिट थांबत न्हाई. लय कामसू हाय."

"तापाने फणफणलेला माणूसही सारखा थरथरत असतो. त्याला कोणी कामसू म्हणत नाही."

त्याने वल्ही पुन्हा पाण्यात सोडली. मग हळूच म्हणाला, "मी स्वराज. आन् तुमी… डॉक्टर हायसा का?"

"फ्रिजची," आसावरी म्हणाली आणि स्वतःच दचकली. अनोळखी माणसाशी ती थट्टा करत नसे. ओळखीच्यांशीही क्वचितच.

मग तिने त्याला समजावून सांगितलं. फ्रिज गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर टाकायला वाटच ठेवली नाही, तर तीच उष्णता फिरून त्याच्या मानगुटीवर बसते.

"म्हंजे घरातला केर काढायचा आन् उंबऱ्यातच ठिवायचा," स्वराज म्हणाला.

"अगदी तसंच."

परत येताना त्याने तिला खरी गोष्ट सांगितली. त्याचे वडील, नथूआबा, ह्या होडीवर पहिल्यापासूनच नाराज होते. तळेगावच्या कारखान्यात चिकटायचं सोडून पोरगा पाण्यावर ताक विकतो, हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी त्यांनी अट घातली होती. अक्षय्य तृतीयेला ते स्वतः दिवसभर होडीत बसणार. संध्याकाळपर्यंत ताक गार राहिलं तर होडी स्वराजची. नाही राहिलं, तर त्यांचा दोस्त भिमाजी ती विकत घ्यायला तयारच होता.

"मग? तुम्ही काय करणार?" आसावरीने विचारलं.

"कारखान्यात जानार. काय करनार?" तो हसला, पण त्याची नजर पाण्यावरून हलली नाही.

पुढच्या रविवारी आसावरी एकटीच आली. पिशवीत थर्मामीटर, करवत आणि छोटा पंखा होता.

"मॅडम, तुमी खरंच आलासा?"

"अर्धवट सोडलेलं गणित मला झोपू देत नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. सगळं खरं नव्हतं, पण बाकीचं तिने अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

दोघांनी मिळून फळ्यांना झरोके पाडले. गरम हवा बाहेर ढकलायला पंखा बसवला. बॅटरीपासून येणारी बारीक वायर काढून जाड घातली. सकाळी घुसळलेलं ताक तसंच आत न ठेवता आधी विहिरीच्या पाण्यात गार करायचं, आणि प्रत्येक पेल्यासाठी झाकण उघडायचं नाही, हेही तिने बजावलं.

"थोडं ताक थर्मासमध्ये काढून ठेवा, तेवढंच वाढा. झाकण उघडं ठेवून गप्पा मारत बसायचं नाही."

"तुमच्याशी बी न्हाई?"

"माझ्याशी… झाकण लावून मारा."

काठावरच्या करवंदीच्या जाळीतून त्याने तिच्यासाठी ओंजळभर करवंदं काढून आणली. पानाच्या द्रोणातून तिने एकेक उचललं. बोटं जांभळी झाली. काट्यांनी ओरखडलेला त्याचा हात तिने पाहिला आणि नजर वळवली… जरा उशिरानेच.

ती होती तोवर फ्रिज उत्तम चालला. पण बुधवारी स्वराजचा फोन आला. "मॅडम, दुपारच्याला परत कोमट."

आसावरीने आकडेमोड पुन्हा केली. चूक सापडेना. रविवारी ती तिथे असली की फ्रिज शहाण्या मुलासारखा वागायचा. तिची पाठ वळली की पुन्हा तापायचा. अक्षय्य तृतीया जवळ आली तसा स्वराजचा आवाज फोनवर लहान लहान होत गेला.

म्हणून शुक्रवारी शेवटचा तास संपताच, न कळवता, तिने स्कूटर काढली.

होडी काठाला बांधलेली होती. स्वराजची आई, कस्तुराबाई, तिच्यात वाकून उभ्या होत्या. फ्रिजवर त्यांनी एक जाडजूड गोधडी घातली होती, आणि तिच्या कडा झरोक्यांवर, पंख्यावर, सगळीकडे नीट खोचत होत्या. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशा. स्वराज शेजारी उभा होता. आसावरीला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"ही गोधडी… रोज असते?" तिने विचारलं.

"व्हय की," कस्तुराबाई म्हणाल्या. "ऊन लागतंय त्याला. माझ्या जुन्या लुगड्यांची हाय, लय गार."

"रविवारी कधी दिसली नाही."

कस्तुराबाईंनी मुलाकडे पाहिलं. मग स्वराज पाण्याकडे बघत म्हणाला, "तुमी यायच्या आदी काढून फळीखाली ठिवायचो. म्हनलं… मॅडम शिकलेल्या. ठिगळांची गोधडी बघून गावंढळ म्हनतील. आन् कापडातनं वारा जातोच, आसं वाटलं."

आसावरीला हसू आलं. एवढे आठवडे ती ज्या फ्रिजचं तापमान मोजत होती, तो तसा उघडा फक्त ती असतानाच असायचा. आणि हा वेडा माणूस तिला चांगलं दिसावं म्हणून स्वतःची होडी घालवायला निघाला होता.

पण आता कस्तुराबाईंना सांगायचं कसं? त्या गोधडीवरून हात फिरवत होत्या.

"मावशी, जरा इथे हात धरा," ती म्हणाली आणि पंख्यासमोरची कड उचलली.

कस्तुराबाईंनी हात धरला. "अगं बया! किती गरम सोडतोय!"

"आतली सगळी आग तो इथून बाहेर टाकतो. ही वाट झाकली की गुदमरतो."

"आन् मी रोज त्याच्या नाकावर पांघरून घालतेय व्हय?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग मुलाकडे वळल्या. "आन् तू रं? माझ्या गोधडीची लाज वाटती तुला? ह्या पोरीला बघ, हात लावायच्या आदी इचारलं तिनं."

घरी न नेता तिथेच, उजेड होता तोवर, काठावर बसून कस्तुराबाईंनी गोधडी उसवली आणि झरोक्यांच्या जागा मोकळ्या सोडून पुन्हा टाके घातले. झाकणावर ती राहिली. उन्हापासून आडोसा हवाच होता, हे आसावरीने मनापासून मान्य केलं.

अक्षय्य तृतीयेला नथूआबा सकाळीच होडीत येऊन बसले. पाहुणे आले, गेले. ऊन चढलं, उतरलं. आबा प्रत्येक पेला भरताना बघत होते. आसावरी पुढच्या फळीवर बसून होती. थर्मामीटर तिने मुद्दामच आणला नव्हता.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा आबांनी हात पुढे केला. स्वराजने पेला भरला.

आबांनी एक घोट घेतला. थांबले. मग पेला एका दमात संपवला, आणि पुन्हा पुढे केला.

"भिमाजीला फोन लाव," ते म्हणाले.

स्वराजने फोन काढला. "काय सांगू?"

"म्हनावं, होडी इकायची न्हाई. ताक प्यायला ये."

आबा काठावर उतरून गेले तरी स्वराज तसाच उभा होता. मग तो मटकन फळीवर बसला आणि हसला.

"आता काम झालं तुमचं," तो म्हणाला. "आता… कशाला याल हितं?"

आसावरीने पाण्याकडे पाहिलं. पुरावा हातात आल्याशिवाय ती कधी विधान करत नसे. आज तिला वाटलं, इतका पुरावा पुरे.

"येणार आहे. पण… म्हणजे… दुरुस्तीला नाही…" ती अडखळली. "तुमच्यासाठी. मला तुम्ही आवडता, स्वराज."

एरवी सगळ्याला उत्तर असणाऱ्या त्या माणसाने रिकामा पेला उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला.

"बोला ना काहीतरी."

"थांबा… परत एकदा म्हना. नीट ऐकू आलं न्हाई, छातीत लय धडधडतंय."

आसावरी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. होडी तिच्या बाजूला जराशी कलली. आणि मग, एकदाही न अडखळता, तिने तेच वाक्य त्याला पुन्हा सांगितलं.