निग्रम की निग्रा?

केजच्या कॉलेजातली प्रयोगशाळा सकाळी उघडली, तेव्हा फरशीवर नुसता चुरा होता. धारूरच्या डोंगरातून धनश्रीनं चार वर्षं वेचलेले गोगलगायींचे काळे शंख कुणीतरी बरण्या फोडून बुटाखाली चिरडले होते. वही जाळलेली. टेबलावर छापील चिठ्ठी: 'लिथोस्टोमा निग्रा संपली. आता मेंढ्याच राख.'

"ही गोगलगाय जगाला ठाऊकच नव्हती. नाव मी दिलं," मेंढपाळाची लेक धनश्री म्हणाली. डोळे कोरडे होते. "मला तो माणूस पाहिजे."

धनश्रीनं बोलावलेली बीडची खासगी गुप्तहेर वनमालाबाई चिठ्ठी दोनदा वाचून म्हणाली, "ही कुणाला दाखवू नका."

तिचा सोबती हनुमान, निवृत्त हवालदार, किल्ल्यांच्या चौकशीला लागला. किल्ल्या तिघांकडं होत्या.

शिपाई सोमनाथ रडकुंडीला आला. "ताई परवाच लई बोलल्या मला. पर शंख कशापायी फोडू? बरण्यांवरचं नाव मीच लिवलंय, अक्षर न् अक्षर बघून."

फुटक्या बरणीवर हनुमाननं वाचलं: लिथोस्टोमा निग्रम.

सहसंशोधक ऋतुजा धुमसत होती. "निबंधातून माझं नाव उडवलं तिनं! पण 'निग्रम' आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं. मी तिच्याशी भांडेन, शंखांशी नाही."

विभागप्रमुख अमरसिंह सरांनी चहा मागवला. "गेलं ते बरंच. नावच अशुद्ध. 'स्टोमा'च्या शेवटी 'आ', म्हणजे स्त्रीलिंग. वीस वर्षं शिकवतोय मी. आणि भर चर्चासत्रात ही पोरगी माझं म्हणणं खोडते, पोरं हसतात!"

"ऋतुजाच असणार," बाहेर हनुमान पुटपुटला. "लई जळती ती."

"सगळ्यांना बोलव," वनमालाबाई म्हणाली.

सगळे जमल्यावर तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"स्टोमा म्हणजे तोंड. शब्द ग्रीक. दिसतो स्त्रीलिंगी, पण आहे नपुंसकलिंगी, आणि लॅटिनमध्येही तसाच राहतो. आपल्याकडं 'नदी' आणि 'पाणी' दोन्हींच्या शेवटी 'ई'. पण काळी नदी आणि काळं पाणी! म्हणून निग्रम, म्हणजे 'काळं'. इथं मात्र निग्रा आहे. सोमनाथ दिसेल तेच उतरवतो. ऋतुजानं नाव स्वतः घडवलं. सूड उगवतानाही धनश्रीचं व्याकरण सुधारावंसं ज्याला वाटेल, असा माणूस एकच."

"हा काय पुरावा झाला?" अमरसिंह उसळले.

"नाही. पण चूक कुणाची, ते तर ठरलं. चिठ्ठी लिहिणारा अडाणी."

"अडाणी? निग्राच बरोबर आहे! मी बरोबरच लिहिलंय!"

आपण काय बोललो हे कळताच सर मटकन खाली बसले.

"धनश्री, निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. मला माफ कर."

पोरगी विरघळेल, असं हनुमानला वाटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "शंख फुटताना आवाज आला आसंल ना, सर? आता जन्मभर त्योच ऐका."

तिनं पोलिसांना फोन लावला. हनुमाननं खुर्ची ओढली आणि दार अडवून बसला.