एका कानावरची भोजली

गंधालीनं त्याला पहिल्याच वाक्यात भैया केलं, आणि बोटीनं लगेच किंचाळायला सुरुवात केली. त्या दोघींत शहाणी कोण, हे पुढच्या रविवारी कळलंच.

"भैया, टोपली आत घ्या, जेट्टीला घासेल," एवढंच ती म्हणाली होती. राखीचा दुसरा दिवस, म्हणजे भोजलीचा. पाऊस झिमझिमत होता. बीरगांवच्या बाया गव्हाच्या कोवळ्या, पिवळसर अंकुरांच्या, म्हणजे भोजलीच्या, टोपल्या डोक्यावर घेऊन त्या तळ्यात सोडायला आल्या होत्या. घाटावर शेवाळ फार, म्हणून गंधालीनं त्यांना आपल्या बोटीतून मधोमध नेलं. टोपल्या उचलायला सोबत हा एकच पुरुष. उंच, सावळा, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि ते पुसायचं भान नसलेला.

बोट तिच्या वडिलांची, नानांची. रेल्वेतून रिटायर झाल्यावर लोक घर बांधतात. नानांनी लहानशी बोट घेतली आणि चालवायला मुलीला बसवलं. बोटीच्या शेपटाकडे, पाण्याखाली, एक आडवी नळी होती आणि नळीत छोटासा पंखा. थ्रस्टर म्हणायचे त्याला. बटण दाबलं की बोटीची पाठ हळूच बाजूला सरकायची, नवी सून सासूला जागा देते तशी, बिनआवाज.

आज मात्र भोजली सोडून परतताना, जेट्टीशी डावं बटण दाबलं आणि घर्रर्र... बायांनी कान झाकले.

"हा आवाज बरा नाही," तो म्हणाला.

"तुमाले काय समजते आवाजातलं?"

"तेच काम आहे माझं. सिलतऱ्याच्या कारखान्यात मोटरी, पंप, पंखे... कोणाचं कुठं दुखून राहिलं, ते ऐकत फिरतो."

"म्हणजे डॉक्टर."

"नाही. नुसता कान." आणि तो हसला. हसताना डोळे आधी हसले, ओठ मागून आले.

घाटावर पोरी एकमेकींच्या कानांवर भोजलीची पाती खोचत होत्या. गंधालीचं सारं आयुष्य शहरात, शंकर नगरात गेलं. भोजली तिनं पाहिली ती स्कूटीवरून, सिग्नलला थांबून. तिला ती रीत भारी गोड वाटली. तिनं टोपलीत उरलेल्या अंकुरांतली एक काडी उचलली, आणि विचारबिचार न करता त्याच्या कानावर खोचली.

"घ्या. कानाची फीस."

मग त्यानंही एक काडी उचलली. हात तिच्या कानापाशी आला... इतका जवळ, की त्याच्या मनगटावरून ओघळलेला थेंब तिच्या मानेवर पडला. आणि तिथंच तो हात थांबला. त्यानं ती काडी निमूट शर्टाच्या खिशात ठेवली.

"रविवारी येतो. आवाज ऐकाले," म्हणाला, आणि बायांच्या मागं निघून गेला.

आठवडाभर गंधालीला तो अर्ध्यावर थांबलेला हात टोचत राहिला. माणसानं हात पुढे करूच नये, नाहीतर... नाहीतर काय, ते मात्र ती स्वतःलाही सांगेना.

रविवारी तो आला. नाव वरद, हे त्यानं नानांना सांगितलं, तिला नाही. मागच्या फळ्या उचलून तो आत वाकला, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"दाबा. आता उजवं... पुन्हा डावं."

उजवीकडे नुसती गुणगुण. डावीकडे घर्रर्र.

"तुमीबी ऐका," त्यानं मूठ तिच्या कानाशी धरली. दोघांची डोकी एका फळीच्या अंतरावर. मोटर काय बोलते ते गंधालीला फारसं कळलं नाही. तिच्या कानात दुसरंच काही धडधडत होतं.

"काय म्हणते?"

"मोटर तर सुखी दिसते," ती म्हणाली.

"मग मोटर आणि पंखा जोडणारं रबर गेलं. शंभर टक्के."

त्यानं बोल्ट सोडले, मोटर उचलली. रबर नव्या नवरीसारखं टवटवीत. एकटी मोटर क्षणभर फिरवून पाहिली. तिचा सूर दोन्हीकडे एकच. वरदचे कान लाल झाले.

काठावर खुर्ची टाकून बसलेल्या नानांनी चहाचा घोट घेतला. "खोलणारे खूप भेटतात बेटा. जोडणारा पाहिजे."

तेवढ्यात त्या दिवशीच्या बायांतली एक, वरदची फुलदाई, डब्यात बेसनाची कुरकुरीत ठेठरी घेऊन आली. त्याच्या आईची जन्माची मैत्रीण ती. वरदला निम्मं तिनंच वाढवलेलं. ठेठरी देता देता ती गंधालीच्या कानाशी लागली.

"तैं ओकर कान म भोजली खोंचे हस न, नोनी? अब ओकर नांव झन लेबे."

"भोजली खोचली म्हणून त्याचं नाव काहून नाही घ्याचं?"

फुलदाईनं मग समजावून सांगितलं. भोजली बदलली की जन्माची मैत्री, सख्ख्या नात्याच्या वरची. एकमेकांचं नाव कधी घ्यायचं नाही, भोजली म्हणूनच हाक मारायची. वरदची आई आणि ती, अख्ख्या आयुष्यात दोघींनी एकमेकींचं नाव उच्चारलं नव्हतं. एकीची पोरं ती दुसरीची पोरं. "अब तो घर के होगे," फुलदाई आनंदानं म्हणाली.

गंधालीच्या हातातली ठेठरी हातातच राहिली. म्हणजे आधी आपण त्याला भैया केलं, आणि कमी पडलं म्हणून जन्माची मैत्रीही लावून दिली; आता सोयरीक कुठली? याला म्हणतात आपल्याच हातानं आपल्या दाराला कुलूप.

ती बोटीशी परतली. "मोटर चुप आहे, रबर चांगलं आहे," ती रुक्षपणे म्हणाली. "आवाज एकाच बाजूनं येते. म्हणजे दुखणं पाण्याखाली आहे. बोट वर ओढू."

ट्रॉलीवर घेऊन दोघांनी बोट उतारावर ओढली. वरद नळीसमोर उकिडवा बसला.

"मेन स्विच बंद कर. चावी तुझ्या मुठीत ठेव. माझा हात आत असते तोवर कोणाले द्याची नाही."

त्यानं तू म्हटलं होतं. तिनं मूठ घट्ट केली. "नानालेबी नाही?"

"नानाले तर अजिबात नाही."

पंखा निघाला. त्याच्या मागं, दांड्याला करकचून गुंडाळलेली मासेमारीची नायलॉन दोरी, आणि तिच्यात अडकलेला टोपलीचा लाल धागा, गव्हाची मुळं. त्या गुंत्यानं पंखा केसभर बाहेर ढकलला होता. डावीकडे फिरला की पातं नळीला घासायचं. वरदनं चिमट्यानं एकेक वेढा उलगडला, आतल्या तेलात पाणी शिरलं नाही ना ते पाहिलं. मग मुळांचा पुंजका तळव्यावर धरून म्हणाला, "भोजली निघाली."

"हव," ती म्हणाली. "आपली. मले माहीत नव्हतं तिचा अर्थ. फुलदाईनं सांगितला."

"पूर्ण नसेल सांगितला." तो मान खाली घालून पंखा बसवत होता. "भोजली बदलाची असते. एकानं ठेवून होत नाही. तू माझ्या कानावर ठेवली... मी तुझ्या कानावर ठेवली काय?"

तो अर्ध्यावर थांबलेला हात. मानेवरचा तो थेंब.

"काहून नाही ठेवली?" तिनं हळूच विचारलं.

"पहिले भैया म्हटलं, मग भोजली करून राहिली होती. मी हो म्हटलं असतं, तर माझ्यासाठी उरलं काय असतं?" त्यानं पहिल्यांदा चष्मा काढून पुसला. "आणि जन्मभर तुझं नाव घेता आलं नसतं. गंधाली... एवढं चांगलं नाव."

बोट पुन्हा पाण्यात गेली. गंधालीनं मूठ उघडली; चावीचा ठसा तळव्यात लालबुंद उमटला होता. स्विच लावला, डावं बटण दाबलं. बोटीची पाठ हळूच जेट्टीकडे सरकली. आवाज नाही. पाण्यावर पडणारा एकेक थेंब ऐकू यावा, इतकी शांतता.

"वरद," ती म्हणाली.

त्यानं ऐकलं. दिवसभर ऐकायचंच काम करणारा माणूस. पण असं काही त्याच्या कानावर आधी पडलं नसावं.

"उखाण्याबिगरच नाव घेतलं तू," तो म्हणाला.

काठावरून नानांनी खुर्ची थोडी पलीकडे वळवली आणि ते चहात साखर नसतानाही चमचा बराच वेळ फिरवत बसले.

"उखाणा मागून घेईन," गंधाली म्हणाली. "आधी मले भैया परत घेऊ दे."