पिवळ्या खुणेखाली

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मिस्त्रींनी आपल्या थोरल्या मुलाला हाक मारली. “आत ये,” एवढंच म्हणाले. अकरा वर्षांत त्यांनी त्याच्याशी थेट बोललेले हे पहिले शब्द होते.

थोरला अंगणात उभा होता. एका पायात बूट, दुसरा हातात, काखेत जेवणाचा डबा. दहा वाजता त्याला स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं होतं. त्याने आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून… कारण या घरात बापलेकांचं बोलणं सुनेच्या तोंडून चालायचं. थोरला पंपाशेजारी उभा असतानाही मिस्त्री स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचे, “सूनबाई, त्याला सांग, पंप बंद कर!” आणि सूनबाई आतून म्हणायची, “अहो, पंप बंद करा.” शेजारचे गमतीने म्हणत, या घराचं टेलिफोन एक्स्चेंज स्वयंपाकघरात आहे. थोरलाही त्यांच्याबरोबर हसायचा. पण ते हसू ओठांच्या आत कधी उतरलं नाही.

“बहिरा झालास का? आत ये म्हटलं ना!”

आत म्हणजे घराला लागून असलेल्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये. पन्नास-साठ वर्षं जुन्या मोटरसायकली लांबलांबून तिथे यायच्या. कुणी आजोबांची म्हणून आणायचा, कुणी कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून काढलेली. मिस्त्री आणि त्यांचा धाकटा मुलगा त्यांचा स्क्रू न् स्क्रू सोडवून, गंज खरवडून, नसलेला भाग लेथवर घडवून त्यांना पुन्हा रस्त्यावर उभं करायचे. धाकट्याला सगळे बारक्या म्हणत. तीस वर्षांचा झाला, खांद्यांनी दार भरून जाईल एवढा वाढला, तरी बारक्याच.

थोरल्याने हातातला बूट खाली ठेवला, पायातलाही काढला आणि अनवाणी आत गेला. बाकावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात धरलेली टाकी, भिंतीवर मापाने टांगलेले पाने, जुन्या रबराचा आणि पेट्रोलचा वास… सगळं जिथल्या तिथे होतं! फक्त तोच अकरा वर्षं इथे नव्हता.

मधोमध स्टँडवर मिस्त्रींची स्वतःची गाडी उभी होती. काळी, साडेतीनशेची, त्यांच्या तरुणपणीची. अकरा वर्षं ती कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती आणि कुणी तिला हात लावायचा नाही असा दंडक होता. गेल्या महिन्यात मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली आणि त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती हीच, “ताडपत्री काढा.”

उंच स्टुलावर ते बसले होते, न वाकणारा उजवा गुडघा समोर ताठ. तळहातावर पुढच्या चाकाचा नट होता. दुसऱ्या हातात थिनरने भिजलेली चिंधी.

“हा पिवळा रंग कधी लावलास?”

थोरल्याने नटाकडे पाहिलं.

या वर्कशॉपची एक रीत होती. ज्याने नट आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची, नटावरून थेट एक्सलच्या टोकापर्यंत. नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते, आणि काम कुणाचं तेही कळतं. मिस्त्रींची रेघ लाल, थोरल्याची पिवळी, बारक्याची पांढरी. आधी आवळायचं, मग खूण करायची. “खूण म्हणजे शब्द,” मिस्त्री म्हणायचे. “दिलेला शब्द ढिला पडला तर माणूस मरतो.”

अकरा वर्षांपूर्वी हीच गाडी बारक्याने एकट्याने बांधली होती. त्याची पहिली गाडी! वय एकोणीस. आदल्या वर्षी आई गेली होती, आणि तिच्यामागे बारक्याचं बोलणंच आटलं होतं. दिवसचे दिवस भिंतीकडे पाहत बसायचा. डॉक्टर झाले, नातेवाईक झाले, कशाने काही होईना. मग एक दिवस थोरल्याने त्याच्या मांडीवर एक जाम झालेला कार्ब्युरेटर ठेवला आणि निघून गेला. संध्याकाळी बारक्या उठून आला आणि म्हणाला, “दादा, याची सुई वाकडी आहे.” सात महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य… थोरला त्या दिवशी लेथमागे जाऊन रडला होता.

गाडी तयार झाली, मिस्त्री चाचणीला निघाले. तीन किलोमीटरवर, उतारावर, पुढचं चाक त्याला धरणाऱ्या फोर्कमध्ये तिरकं होऊन अडकलं. मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोतून गाडी घरी आली. थोरला एकटाच होता. नट शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता, आणि त्यावर पांढरी रेघ होती. म्हणजे खूण होती, पण नट आवळलेलाच नव्हता! तो गाडीपाशी खाली बसला. मग उठला, ब्रश घेतला, आणि पांढऱ्यावर पिवळा रंग चढवला. बारक्या हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याला सांगितलं, “तू आंघोळीला गेलास तेव्हा मी ब्रेक पाहायला चाक उतरवलं होतं. परत चढवताना चूक झाली.” बारक्या काही बोलला नाही. त्याला खरं वाटलं असावं, असं थोरल्याला वाटलं.

दोन महिन्यांनी मिस्त्री कुबड्यांवर घरी आले. नट पाहिला आणि म्हणाले, “ज्याची खूण खोटी, त्याचा हात माझ्या हत्यारांना लागायचा नाही.” तेच त्यांचं थोरल्याशी शेवटचं बोलणं.

…आणि आता हा प्रश्न!

“आठवत नाही, बाबा,” थोरला म्हणाला.

“तुला आठवत नाही, मला दिसतंय. आता दिसतंय!” मिस्त्रींनी नट त्याच्या डोळ्यांसमोर धरला. “हे बघ. पडल्यावर नट रस्त्याला घासला, हे खरचटलेलं. आणि पिवळा रंग या ओरखड्याच्या आत शिरलाय. म्हणजे रंग अपघातानंतर लागलाय. आणि त्याच्याखाली…” त्यांनी चिंधी एकदाच फिरवली. पिवळ्याखालून पांढरी रेघ वर आली. “खाली हा आहे.”

त्यांची मान शेगड्याजवळ उभ्या असलेल्या बारक्याकडे वळली. त्याच्या हातातली कानस थांबली होती.

“त्याला काही माहीत नाही, बाबा!” थोरला घाईने म्हणाला. “लहान होता तो. जे केलं ते मी केलं. जाऊ द्या ना आता. इतकी वर्षं झाली…”

“मला माहीत होतं,” बारक्या म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला, की दारात येऊन उभ्या राहिलेल्या सूनबाईला ते नीट ऐकूही आलं नाही.

“अपघात झाला तिथे मी तुझ्या आधी पोचलो होतो, दादा. बाबांना कुणाच्यातरी जीपमध्ये घातलं आणि मग वळून नट पाहिला. पांढरा होता.” त्याने कानस बाकावर ठेवली. “ब्रश सारखा सारखा धुवायला नको म्हणून मी सगळ्या खुणा आधीच, नुसत्या नटांवर, ओढून घेतल्या होत्या. मग एकेक नट आवळत आलो. पुढच्या चाकापाशी आलो तेव्हा तू जेवायला हाक मारलीस. जेवून आलो, सगळीकडे खुणा दिसल्या, वाटलं झालं… आणि मग घरी आलो तर नट पिवळा! तू आंघोळीची गोष्ट सांगितलीस. मी तोंड उघडलं होतं, दादा, खरंच उघडलं होतं! आवाजच आला नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग महिना झाला. मग तुझं लग्न झालं…”

थोरला भिंतीला टेकला. सगळ्यांचे टोमणे, मुक्या बापाची पाठ, काउंटरवरचे ते ग्राहक, जे म्हणायचे, “मिस्त्रींचे चिरंजीव ना तुम्ही? मग इथे कसे?” हे सगळं त्याने एकाच आधारावर सोसलं होतं: बारक्याला ठाऊक नाही, तो निर्धास्त आहे, त्याच्या मनावर ओझं नाही. आणि तो तर रोज समोर बसून जेवत होता! हा आधारही गेल्यावर त्याच्यापाशी उरलं काय?

“मी तुम्हाला किती वेळा विचारलं,” दारातून त्याची बायको म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात धार होती. “चूक खरंच तुमचीच होती का म्हणून. दर वेळी ‘हो’ म्हणालात. माझ्याशीही खोटं?”

“तुला सांगितलं असतं तर त्याला ताट वाढताना तुला…” थोरला म्हणाला.

मिस्त्रींनी नट बाकावर ठेवला. बारक्या मान खाली घालून निकालाची वाट पाहत होता. दंडक ठरलेला होता, घरातल्या प्रत्येकाला पाठ होता. पण मिस्त्रींच्या तोंडून भलतंच निघालं.

“माझा दुसरा एक नियम होता. सांगा, कुठला?”

मिस्त्रींनी ताठ गुडघ्यावर हात ठेवला.

“जो गाडीवर बसेल, त्याने निघण्याआधी प्रत्येक नट स्वतः पाना लावून पाहायचा. चाळीस वर्षं पाहिला. त्या दिवशी नाही पाहिला.” त्यांनी बारक्याकडे पाहिलं. “पोराने पहिली गाडी बांधलेली. अंगणात उभा, माझ्याकडे टक लावून. त्याच्यादेखत पाना काढला तर त्याचा हिरमोड होईल, पुन्हा गप्प होईल, असं वाटलं… म्हणून तसाच बसलो. ही चूक मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. पण शिक्षा मी फक्त तुला दिली! स्वतःचा दोष झाकायला मला तुझी पिवळी रेघ सोयीची पडली रे…” ते स्टुलावरून उठायला गेले, ताठ गुडघा घसरला, आणि थोरल्याने धावत येऊन त्यांना धरलं. अकरा वर्षांनी त्या दोघांचा एकमेकांना स्पर्श झाला. म्हातारा थोरल्याच्या खांद्यात तोंड खुपसून लहान मुलासारखा हुंदके देत राहिला.

“बाबा, पुरे… पुरे झालं…”

“तुझे हात दाखव. काउंटरवर उभं राहून मऊ पडले असतील.”

“थोडे पडलेत.”

“होतील घट्ट.”

आत आलेल्या सूनबाईने वळून पाहिलं तेव्हा शेगड्यापाशी कुणी नव्हतं. कानस बाकावर होती. बारक्याचा ॲप्रन खिळ्याला होता.

दिवसभर त्याचा पत्ता नव्हता. फोन घरातच राहिला होता. थोरला दोनदा स्टेशनपर्यंत जाऊन आला, एकदा त्या उतारावरही. दुकानात येत नाही म्हणून कळवायचं, हेही त्याच्या डोक्यातून गेलं. संध्याकाळी पावणेसहाला दुकानमालकाचाच फोन आला.

“अहो, तुमचा भाऊ सकाळपासून काउंटरवर उभा आहे. म्हणतो, दादाच्या जागी आता मीच. मला वाटलं तुम्ही आजारी! हे कायमचं आहे का? मला काही समजेल असं सांगा. गिऱ्हाइकांना तो नवे भाग विकतच नाहीये, फुकट दुरुस्तीचे सल्ले देतोय.”

थोरला दुकानात पोचला तेव्हा बारक्या एका म्हाताऱ्याला क्लचची केबल देत होता.

“ती नाही,” थोरला म्हणाला. “वरच्या खणात जास्त लांबीची आहे.”

बारक्याने वरचा खण उघडला, केबल दिली, म्हाताऱ्याला पाठवलं. मग काउंटरच्या पलीकडेच उभा राहिला.

“घरी चल. बाबा जेवले नाहीत.”

“मी इथे अकरा वर्षं उभा राहीन. तू तिथे जा.”

“हा काय हिशोब झाला, बारक्या?”

“मग दुसरं काय करू, सांग ना!” त्याने दोन्ही हात काउंटरवर टेकले. “तू मला माफ केलंस का?”

थोरल्याच्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. अकरा वर्षं जे सगळ्यांना सहज देत आला, तेच खोटं, तेच गोड. पण ते बाहेर पडेना. छातीत काहीतरी तापलेलं होतं, आणि ते तिथे आहे हे त्याला आजच कळलं होतं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “आत्ता तरी नाही. पण तुला घेतल्याशिवाय मी जाणार नाही.”

“मग मीही उत्तर मिळाल्याशिवाय येणार नाही.”

थोरला स्टूल ओढून काउंटरच्या अलीकडे बसला. बारक्या पलीकडे बसला. मालकाने दोघांना पाणी दिलं, घड्याळाकडे पाहिलं, घसा खाकरला. कुणी उठलं नाही. सात वाजून पाच मिनिटांनी त्याने शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हा दोघे भाऊ आतच होते.