चाळिसावा एकर

जूनच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी कोरिन वर्थने ड्रायलिंगांच्या शेताचं फाटक उघडलं, गाडी आत घेतली आणि फाटक पुन्हा लावलं. कॅन्ससच्या या पश्चिम टोकाला नांगरलेली वाळू वाऱ्यावर उडून जायची. म्हणून अशा जमिनीवर देशी गवत राखणाऱ्यांना सरकार दरवर्षी अनुदान देई. गवत खरंच आहे का, हे पाहणं कोरिनचं काम.

"फाटक लावलंस ना?" अडेलिया ड्रायलिंग ओट्यावरूनच ओरडली. "शेजारच्या हर्मनच्या गाई टपून बसल्यात."

"लावलं, मिसेस ड्रायलिंग."

"आणि खाऊन जायचं. मागल्या वर्षी पाखरासारखं टिपून गेलीस." तिने खिमा-कोबी भरलेले दोन गरम पाव फडक्यात बांधून दिले.

दोन वर्षांपूर्वी, चाळीस एकरांत गवत पेरता पेरता, तिचा नवरा अल्फोन्स ट्रॅक्टरवरच गेला. ट्रॅक्टर मुलाने विचिटा शहरात नेला, मागे जोडलेली बी पेरायची पाभर शेतातच राहिली. पेरणी अर्धवट टाकून पाभर घरी आणायची नाही, हा अल्फोन्सचा शिरस्ता. उरलेलं पेरून देतो म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना अडेलियाने पाभरीला हातही लावू दिला नाही. कोरिनने गेल्या वर्षी सव्वीस एकरांची नोंद केली आणि एक वर्षाची मुदत दिली. ती आज संपत होती. चाळीस भरले नाहीत तर अनुदानाचा करार रद्द. मग घर विकायचं आणि मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात जाऊन राहायचं.

"पेरायला कुणाला बोलावलंत?" कोरिनने विचारलं.

"कुणाला कशाला? त्याचं काम आहे ते."

कोरिन नोंदवही घेऊन शेतात चालत निघाली.

पाभर होती तिथेच होती. चाकं आणि बी सोडणारे फण वाळूत वीतभर रुतलेले, आऱ्यांमधून काटेरी झुडूप वर आलेलं. पाभरीमागच्या सव्वीस एकरांत गवत गुडघाभर.

पुढेही गवत होतं.

सात-सात इंचांवर, सरळ ओळींत. कोरिनने लोखंडी चौकट टाकली, आतली रोपं मोजली. पन्नास पावलांवर पुन्हा टाकली. भरपूर होती. चाकाची खूण कुठेच नव्हती. बांधापाशी ओळी वळत होत्या, आणि प्रत्येक वळणावर एक लहानसा फुगवटा होता. तसाच मागच्या सव्वीस एकरांतही होता. अल्फोन्सचा हात, दुसरं काय.

ती पुढे चालत राहिली. गवत घोट्याएवढं झालं, मग बोटाएवढं. मग नुसत्या हिरव्या सुया.

शेवटी पूर्वेच्या कुंपणाजवळ मातीत फक्त ओल्या रेघा. पाऊस येऊन पाच आठवडे झाले होते. तिने एका रेघेत बोट घातलं. बी होतं, पिसासारखं हलकं.

रेघा कुंपणापर्यंत पोचल्या नव्हत्या. थोडी जागा बाकी होती.

ती पाभरीपाशी परत आली. बियाण्याच्या पेटीत उंदरांचं जुनं घरटं, बाकी काही नाही. पेटीखाली एकर मोजणारा मीटर होता. गेल्या वर्षी तिनेच त्यावरून सव्वीस लिहून घेतले होते.

आता आकडा होता ३९.८.

नियमाप्रमाणे तिने तोच लिहायला हवा होता. तिने पेन उघडलं. मग बंद केलं, वाळूत बसली आणि फडकं सोडलं.

पहिला पाव संपत असताना बारीक खट् झालं.

३९.९.

वारा नव्हता. चाकातल्या झुडपाचं पानही हललं नव्हतं.

दुसरा पाव तिने अगदी सावकाश खाल्ला.

खट्.

तिने कागदावर चाळीस लिहिलं, खाली सही केली. उठताना तिची नजर पाभरीच्या फणांवर गेली. वळणावर उचलतात तसे सगळे फण मातीतून वर उचललेले होते, आणि त्यांच्यावरून ओली माती गळत होती.

ओट्यावर अडेलियाने कागद वाचला. दोनदा वाचला. डोळे पुसले, मग पदरमोड करून घेतलेल्या नव्या चष्म्याला शिव्या दिल्या.

"चाळीस," ती म्हणाली. "म्हणजे झालं त्याचं."

"हो."

"मग जाताना फाटक लावू नकोस, पोरी. उघडंच असू दे. त्यालाही आता निघायचंय."