बोगद्यातल्या त्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

भुयारी मेट्रोच्या अजून नुसत्या चाचण्याच चालल्या होत्या. गाडी सोडण्याआधी एकाने बोगदा पायी तपासायचा आणि वॉकीटॉकीवर कळवायचं, तेही इंग्रजीत, कारण कंट्रोल रूममधले साहेब परदेशी. रिपोर्ट पटला तरच ते बोगद्याचं पोलादी दार उघडायचे. रूळ तपासणाऱ्या या गँगमन लोकांना शब्द शिकवायला मला नेमलं होतं. माझा धाकटा भाऊ बारक्या त्यांच्यातच होता. घरी माझं एक ऐकत नसे, वर्गात मात्र टीचर म्हणायचा, तेवढंच सुख.

वर्ग भरायचा दारासमोरच्या स्टोअररूममध्ये. ग्रीसचा आणि ओल्या सिमेंटचा वास यायचा. मी पोटावर पाय द्यायला आले असावे, अशा नजरेने सगळे बघायचे. मलाही त्यांचा राग यायचा.

ट्रॅक, टनेल, सिग्नल, प्लॅटफॉर्म घोकून झाले आणि मुकादम उठला.

"टीचर, बोगद्यात उभा असतो, त्याला काय म्हणायचं?"

"कोण उभा असतो?"

"तेच विचारतोय."

माझी फिरकी घेताहेत असं वाटलं. पण कुणी हसलं नाही.

"ऑब्स्ट्रक्शन म्हणा. अडथळा."

"गाडी अडत नाही त्याला. आरपार जाते."

"मग पॅसेंजर म्हणा."

"आधीचा माणूस म्हणाला होता. साहेब विचारत बसले, कुठला पॅसेंजर, कसा आला? दार उघडलं तेव्हा तो माणूस आतून दाराला टेकूनच मेलेला होता."

बारक्या खाली मान घालून बसला होता. दुसऱ्या दिवशीची पाळी त्याची होती.

"ताई, काहीतरी सांग ना," तो म्हणाला. वर्गात पहिल्यांदाच ताई म्हणाला.

भीती वाटली की मी चिडते. "स्टाफ म्हणा आणि विषय संपवा! स्टाफला कुणी अडवत नाही."

सगळ्यांनी तो शब्द दोनदोनदा म्हणून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गात मुकादमाचा वॉकीटॉकी खरखरला. बारक्याचा आवाज.

"ट्रॅक क्लिअर. सिग्नल ओके."

मग बराच वेळ नुसता श्वास.

"टू स्टाफ. ओपन डोअर."

"दोन कशाला म्हणाला?" मी विचारलं. मुकादम दाराकडे बघत उठला.

दार उघडलं. बारक्या धडधाकट बाहेर आला. मला रडू फुटलं, मी धावत जाऊन त्याचा दंड धरला. बर्फासारखा गार होता. त्याने माझा हात सोडवला आणि मागे वळून दार धरून ठेवलं. कुणाला तरी वाट द्यावी तसं.

"आता शिकवा, टीचर," बारक्या म्हणाला.

तो शेवटच्या बाकाच्या एका टोकाला बसला. बाकी सगळे उठून पुढे आले.

त्याच्या वजनाने बाकाचं दुसरं टोक वर उचललं गेलं होतं.

ते हळूच खाली टेकलं.