गुलाबी रेघ कुठे आहे?

वर्गाच्या दारात कुणाचा तरी फोन वाजला. सातवीला भाषा शिकवणाऱ्या मारितने मान वर न करताच बोट दाखवलं — दारामागे लटकणाऱ्या कापडी कप्प्यांकडे. वर्गात येणाऱ्याने फोन तिथे ठेवायचा, हा तिचा नियम. फोन गुपचूप एकतीस नंबरच्या कप्प्यात गेला. पोरं खुसखुसली तेव्हा कुठे तिने पाहिलं… प्रयोगशाळा शोधत आलेला विज्ञानाचा नवा बदली शिक्षक, वेंडेल. बुटांवर बर्फ, कान लालेलाल.

शाळा सुटल्यावर तो फोन न्यायला आला. मग रोजच विसरू लागला.

अमेरिकेतल्या डलुथ गावच्या त्या शाळेत तेव्हा फोनवरून रण माजलं होतं. वर्गात फोन हवा, असं वेंडेलचं म्हणणं. मारितचं, मुळीच नको. भांडता भांडता तो तिची अर्धी कॉफी संपवायचा. शेवटी तिने त्याला त्याचं म्हणणं लिहून आणायला लावलं आणि मुलांपुढे ठेवलं. लिहिणाऱ्याचा दावा हिरव्याने रंगवायचा, त्याने मांडलेला समोरच्याचा प्रतिदावा गुलाबीने.

कागद हिरवागार झाला. टेसाने हात वर केला. "बाई, सरांनी दुसरी बाजू ऐकलेलीच नाही. गुलाबी रेघ कुठे आहे?"

मारितने 'अपुरं' असा शेरा दिला आणि दिवसभर गालात हसत राहिली.

मे महिन्यात कळलं, दूरच्या फार्गो शहरातल्या शाळेने वेंडेलला कायमची नोकरी देऊ केलीय. इथे होती ती आणखी एका वर्षाची कच्ची जागा. हे तिला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी तिने फळ्यावर तारीख चुकवली.

शुक्रवारी चारपर्यंत त्याला उत्तर द्यायचं होतं. साडेतीनला तो आला, टेबलावर कागद ठेवला. 'मी फार्गोला जावं.' खाली कारणं, सगळी हिरवी — पगार, कायमची जागा, बहीण जवळ. त्याखाली गुलाबी चौकट. कोरी.

"ही बाजू मी कशी लिहिणार?" तो म्हणाला. "ती तुमची आहे… असली तर."

मारितने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. 'फार्गोला एकतीस नंबरचा कप्पा नाही,' तिने लिहिलं. असलं कारण तिने सातवीच्या पोरालाही परत केलं असतं. म्हणून पुढे लिहिलं — 'आणि मला तू इथे हवा आहेस.'

त्याने दोनदा वाचलं. "प्रतिदावा खोडून काढायचा असतो ना?"

"नियम तसा आहे…"

"नाही खोडता येत."

मारित उठली. एकतीस नंबरच्या कप्प्यातून फोन काढून तिने स्वतःच्या हाताने त्याला दिला. चारला दहा कमी होते.

"म्हणजे वर्गात फोन हवाच," फार्गोचा नंबर लावत तो म्हणाला.

"आजच्या दिवस," ती म्हणाली.